बदलीवर निघालेल्या फौजीसाठी: लायसन्स कुठलं ठेवायचं, गाडीला नंबर कुठला घ्यायचा?

बदली झाली की लायसन्स बदलावं लागतं का, हा प्रश्न जवानांच्या घरी नेहमी निघतो. त्याला लागूनच गाडीच्या नंबरचा प्रश्न येतो. दोन्ही एकाच दमात विचारले जातात, त्यामुळे एकाचा नियम दुसऱ्याला चिकटवला जातो. खरं तर लायसन्स माणसाचं असतं आणि नोंदणी गाडीची. दोन्हींना लागू होतो तो १९८८ चा मोटार वाहन कायदाच, पण बदलीच्या वेळी हा कायदा लायसन्सच्या वाटेला फारसा जात नाही. गाडीला मात्र तो बारा महिन्यांनी गाठतोच. म्हणून लायसन्सचा निर्णय सोपा आहे आणि गाडीचा खरोखर विचार करून घ्यायचा आहे.

लायसन्स: तसंच ठेवायचं की नव्या ठिकाणचं करायचं?

साताऱ्याला काढलेलं लायसन्स तेजपूरलाही चालतं आणि जोधपूरलाही. कायद्याच्या कलम १३ मध्ये ते स्पष्टच लिहिलेलं आहे: लायसन्स संपूर्ण भारतात वैध. पोस्टिंगच्या राज्यात नवं काढायची गरज नाही. उलट एक चालू लायसन्स हातात असताना दुसऱ्या राज्यातून आणखी एक काढणं हा कलम ६ चा भंग आहे. "इथलं इथे, तिथलं तिथे" असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

नूतनीकरणासाठीही गावी यायची सक्ती नाही. कलम १५ प्रमाणे कुठलंही लायसन्स प्राधिकरण नूतनीकरण करू शकतं आणि मूळ कार्यालयाला कळवण्याची जबाबदारीही त्याचीच. अर्ज सारथी या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर होतो, चाळिशी ओलांडलेली असेल तर डॉक्टरांचं नमुना १-ए प्रमाणपत्र जोडावं लागतं. अडचण येते ती जुन्या पुस्तकी लायसन्सची. त्याची नोंद सारथीत नसेल तर ज्या आरटीओनं ते दिलं तिथेच बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद संगणकात चढवणं) करून घ्यावी लागते. हे काम सुट्टीवर गावी आलात की आधी उरका, मुदत संपायची वाट पाहू नका.

मुदतीचा हिशेब २०१९ च्या दुरुस्तीनं बदलला. आता तिशीच्या आत काढलेलं खासगी वाहनाचं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं आणि तीस ते पन्नास या वयात काढलं तर दहा वर्षं. त्याआधीची लायसन्सं वीस वर्षं किंवा वयाची पन्नाशी, यांतलं जे आधी येईल तिथपर्यंत दिलेली आहेत. म्हणून शेजारच्या क्वार्टरमधल्याची तारीख तुम्हाला लागू पडेल असं धरू नका, स्वतःच्या कार्डावरची पाहा. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत मिळायची, ती गेली. नूतनीकरण मुदतीच्या एक वर्ष आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंत करता येतं, पण मुदत संपलेल्या दिवसापासून गाडी चालवणं म्हणजे विनालायसन्स चालवणं. कायद्यात त्याचा दंड ५,००० रुपये आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो तो वेगळाच. वर्षही उलटून गेलं तर पुन्हा टेस्ट.

पत्ता बदलावा का, यावर माझं मत ठाम आहे: घरी आईवडील किंवा कोणी कायमचं राहत असेल तर गावचाच पत्ता राहू द्या. दर दोन-तीन वर्षांनी क्वार्टर बदलतं, नवं कार्ड पोस्टानं येईपर्यंत पुढची ऑर्डर निघालेली असते. गावचं घर कुलूपबंद असेल आणि कुटुंब एका पीस स्टेशनला (कुटुंब सोबत ठेवता येतं अशा ठिकाणी) बरीच वर्षं राहणार असेल तरच पत्ता बदलण्यात अर्थ आहे. मोबाइल नंबर मात्र चालू असलाच पाहिजे. ओटीपी त्याच नंबरवर येतो. फील्डला (आघाडीच्या भागात) जाताना सिम बंद पडलं तर सगळं काम तिथेच थांबतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन्स कार्डाइतकंच वैध आहे, तेव्हा मूळ कार्ड घरी सांभाळून ठेवलं तरी चालतं.

ज्याच्याकडे लायसन्सच नाही त्याच्यासमोर मात्र खरी निवड आहे: सुट्टीत गावी काढायचं की पोस्टिंगच्या ठिकाणी? कायदा दोन्हीला वाट देतो. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्याची टेस्ट निदान तीस दिवसांनी देता येते. वार्षिक सुट्टी सलग मिळत असेल तर आल्याआल्या लर्निंग आणि परतायच्या आधी टेस्ट, असं एकाच सुट्टीत बसतं. सुट्टी तुकड्यांत मिळणार असेल आणि पुढची सहा महिन्यांत मिळण्याची खात्री नसेल, तर पोस्टिंगच्या राज्यातच काढलेलं बरं.

फौजी लायसन्स आणि सिव्हिल लायसन्स

एमटीत, म्हणजे फौजेच्या वाहन विभागात, असलेल्या ड्रायव्हर मंडळींना हे नीट कळलं पाहिजे, कारण इथे नुकसान रिटायरमेंटनंतर कळतं. कलम १८ खाली मिळणारं लष्करी लायसन्स भारतभर चालतं, पण फक्त संरक्षण कामासाठी वापरल्या जाणाऱ्या सरकारी गाड्यांवर. त्याच कलमात पुढे म्हटलंय की या लायसन्सवर दुसरी कुठलीही गाडी चालवता येणार नाही. म्हणजे लेहच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं थ्री-टनर ट्रक हाकणारा हवालदार सुट्टीवर येऊन भावाची अल्टो काढतो तेव्हा, सिव्हिल लायसन्स नसेल तर, तो कायद्यानं विनालायसन्स असतो. एवढा अनुभवी माणूस नाक्यावर दंड भरतो, याचं वाईट वाटतं.

याची दुसरी बाजू जवानाच्या बाजूची आहे. एकाच वेळी दोन लायसन्स नकोत म्हणणारं ते कलम ६, त्यानंच लष्करी लायसन्सचा अपवाद केलेला आहे. म्हणजे दोन्ही जवळ ठेवणं पूर्ण कायदेशीर. शिवाय कलम ९ सांगतं की ज्या प्रकारच्या वाहनाचं लष्करी लायसन्स आहे किंवा होतं, त्या प्रकारच्या सिव्हिल लायसन्ससाठी टेस्ट लागत नाही, पुरावा दाखवावा लागतो. तब्येतीच्या अटी अर्थात लागू राहतात.

तेव्हा ड्रायव्हर ट्रेडच्या माणसानं दोन्ही बाळगावीत, आणि सिव्हिल लायसन्सचं काम डिस्चार्जच्या आधी करावं. युनिटमध्ये असताना लष्करी लायसन्सची प्रत आणि त्यावरचे वाहनांचे शेरे मिळवणं सोपं असतं. घरी आल्यावर त्याच कागदासाठी रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहीत बसावं लागतं. बस-ट्रकची नोकरी धरायची असेल तर ट्रान्सपोर्टची नोंद हवी आणि ती पाच वर्षांनी नवी करावी लागते. छोटा मालवाहू टेम्पो चालवायचा असेल तर वाट सोपी झाली आहे: नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवता येतं असा निकाल दिला.

गाडी: जुना नंबर, एनओसी, की बीएच?

आता अवघड भाग. कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. इथे तीन वाटा आहेत.

पहिली, जुन्याच नंबरवर राहणं. फील्ड पोस्टिंग असेल, गाडी गावीच उभी राहणार असेल, किंवा स्टेशनचा मुक्काम वर्षाच्या आतला असेल तर हीच वाट बरोबर. काहीच करायचं नाही. नव्या राज्यात पाय ठेवताच टॅक्स भरा असं कोणी म्हणत असेल तर घाबरू नका. २०२१ मध्ये काश्मीरच्या आरटीओनं बाहेरच्या गाड्यांना नवा नंबर आणि नऊ टक्के टॅक्सचा आदेश काढला होता, तो जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयानं रद्द केला. गाडी बारा महिन्यांहून जास्त तिथे आहे असं नुसतं गृहीत धरून टॅक्स लावता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. मूव्हमेंट ऑर्डरची (बदलीवर निघण्याच्या लेखी हुकमाची) प्रत गाडीत ठेवा, गाडी रेल्वेनं किंवा ट्रकनं पाठवली असेल तर त्याची पावतीही. राज्यात कधी आलात हे त्यावरूनच दाखवता येतं.

दुसरी, एनओसी (जुन्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र) घेऊन नव्या राज्यात पुन्हा नोंदणी. कायद्याला सगळ्यात धरून, आणि फौजीला सगळ्यात जाचक. नमुना २८ भरायचा, त्यावर चेसिस नंबरचा ठसा लागतो. बॉनेट उघडून किंवा गाडीखाली वाकून तो कोरीव नंबर शोधायचा, वर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिलचं शिसं आडवं घासत राहायचं, एक आकडा पुसट उठला तर पुन्हा. सोबत इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्सची पावती, दंड बाकी नसल्याची खात्री, आणि लोन असेल तर बँकेचं संमतिपत्र. कार्यालयानं अर्ज दाबून ठेवला तर कलम ४८ लक्षात ठेवा: तीस दिवसांत लेखी नकार आला नाही तर एनओसी दिली असंच मानलं जातं. म्हणून अर्जाची पोच जिवापाड जपायची.

मग नव्या राज्यात नमुना २७, तिथला टॅक्स, नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट. नंबर बदलला की इन्शुरन्स कंपनीला कळवणं आलं, फास्टॅग बदलणं आलं. नव्या राज्याचा टॅक्स आधी भरायचा आणि जुन्या राज्यातला उरलेल्या वर्षांचा परतावा नंतर मागायचा, म्हणजे पैसे दोन्हीकडे अडकतात. परतावा मागायचा तो हजार-दीड हजार किलोमीटरवरून. एवढं करून स्थिरस्थावर होईतो पुढची बदली. ज्याला त्या राज्यातच निवृत्त होऊन घर करायचं आहे, त्यालाच ही वाट मी सुचवीन.

तिसरी, बीएच म्हणजे भारत सिरीज. १५ सप्टेंबर २०२१ पासून ती लागू झाली, आणि पात्रांच्या यादीत संरक्षण दलाची माणसं आहेत. नंबर "२४ बीएच" असा वर्षानं सुरू होतो आणि कुठल्याही राज्यात गेलात तरी बदलावा लागत नाही. टॅक्स दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीत भरायचा. दर असे: दहा लाखांपर्यंत ८ टक्के, दहा ते वीस लाखांना १० आणि त्यावर १२. डिझेलला दोन टक्के जास्त, इलेक्ट्रिकला दोन कमी. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला ११ टक्के टॅक्स एकरकमी द्यावा लागतो, म्हणजे आठ लाखांच्या गाडीला ८८,००० रुपये पहिल्याच दिवशी. बीएचमध्ये त्या दिवशी फक्त दोन वर्षांचा हिस्सा जातो. जवानाच्या पगारात आणि लोनच्या हप्त्यात हा फरक जाणवण्याइतका मोठा आहे. चौदा वर्षांनंतर टॅक्स दरवर्षी भरायचा, पण तेव्हा तो निम्म्यावर येतो.

कागदंही कमी. खासगी नोकराला कंपनीकडून नमुना ६० आणावा लागतो, फौजीला ओळखपत्र किंवा सर्व्हिस सर्टिफिकेटवर काम भागतं. गाडी आधीच एमएच नंबरची असेल तरी डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती बीएचमध्ये नेता येते.

पण तीन गोष्टी नीट बघा. गाडी जवानाच्याच नावावर हवी. कित्येक जण बायकोच्या नावावर गाडी घेतात, ती स्वतः अशा नोकरीत नसेल तर तिला बीएच मिळत नाही. दुसरं, हा नंबर खासगी वाहनांनाच आहे, रिटायर झाल्यावर टॅक्सीला लावायचा बेत असेल तर उपयोग नाही. तिसरं, दर दोन वर्षांची तारीख स्वतः लक्षात ठेवावी लागते. सियाचीनच्या पायथ्याशी नेटवर्क नसताना ती येऊ शकते, म्हणून फील्डला जाण्यापूर्वी पुढच्या चार वर्षांचा टॅक्स एकदम भरून टाकणं शहाणपणाचं.

कोणी काय करावं

नोकरीची दहा-बारा वर्षं बाकी आहेत, कुटुंब सोबत फिरतं आणि नवी गाडी घ्यायची आहे: डोळे झाकून बीएच घ्या. गाडी जुनी आहे आणि निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली आहेत: जुन्या नंबरवरच राहा आणि गाडी गावी ठेवा. गाडी सोबत हवीच असेल आणि शेवटचं स्टेशन परराज्यातलं असेल तर बीएचमध्ये बदलून घ्या, निवृत्तीनंतर परत महाराष्ट्रात आणताना निदान एनओसीची फेरी वाचते. गाडी बायकोच्या नावावर असेल तर फक्त बीएचसाठी ती स्वतःच्या नावावर करू नका. आधी त्या ट्रान्सफरचा खर्च काढा आणि पुढच्या किती बदल्यांत गाडी खरंच सोबत नेणार आहात ते घरात बसून ठरवा.

विकताना अडेल या भीतीनं काही जण बीएच टाळतात. ती भीती आता जुनी झाली. डिसेंबर २०२२ पासून बीएच गाडी पात्र नसलेल्यालाही विकता येते, त्यानं फक्त आपल्या राज्याचा टॅक्स भरून तिथला नंबर घ्यायचा. भाव ठरवताना गिऱ्हाईक तो टॅक्स वजा करून मागणारच, तेव्हा बोलणी करण्याआधी त्याच्या राज्यात त्या वयाच्या गाडीला किती टॅक्स बसतो ते आरटीओत विचारून ठेवा.