केळीच्या सावलीतला कोलियस: फैजपूरकडचा अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनच्या शेवटी रंगीत पानांच्या कोलियस या शोभेच्या झाडाचे पाच प्रकार आणले, प्रत्येकी दोन रोपं. आता मे सरत आलाय. त्या दहांपैकी मूळची चारच उरली आहेत, पण त्यांच्या फांद्यांपासून केलेली तीसेक रोपं अंगणात आणि आतल्या खोलीत उभी आहेत. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या उन्हात हे झाड टिकत नाही, असं मला दोघा-तिघांनी आधीच बजावलं होतं. टिकतं. जागा चुकली तर मात्र आठवड्यात जातं.

रोपवाटिकेत जातींची नावं कुणालाच सांगता येईनात, म्हणून मी रंगावरूनच ओळखते: गर्द जांभळा, लिंबाच्या रंगाचा, हिरव्या काठाचा लाल, बारीक कातरलेल्या पानांचा मरून, आणि गुलाबी-पिवळ्या-हिरव्या शिंतोड्यांचा एक. ऑनलाइन शोधताना हेच झाड प्लेक्ट्रँथस किंवा सोलेनोस्टेमॉन या जुन्या नावांनीही दिसतं, तेव्हा गोंधळू नका. 2019 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते पुन्हा कोलियस या नावाखाली आणलं. आपण ज्याच्या पानांची भजी करतो तो पानओवा याच गोतातला.

पहिली चूक लावतानाच झाली. पाचही प्रकार ओट्यासमोरच्या एकाच वाफ्यात शेजारी-शेजारी लावले. प्रत्येक पान जवळून देखणं, पण ओट्यावर बसून पाहिलं की नजर कुठे ठरेचना. महिनाभर ते तसंच पाहिलं आणि मग सगळं उपटून नव्याने लावलं. आता एका वाफ्यात शिंतोड्यांचा एकच प्रकार ठेवते. त्याच्या पानातला एखादा रंग उचलायचा आणि शेजारी त्याच रंगाचं साधं झाड लावायचं. माझ्याकडे शिंतोडेवाल्याच्या मागे लिंबू रंगाचा आहे आणि पायाशी खाली जांभळी, वर हिरवी पानं असलेला र्‍हीओ. कातरलेल्या मरूनजवळ पांढऱ्या पट्ट्यांचं स्पायडर प्लांट लावलं. ही जोडी मला सगळ्यांत आवडते, कारण दोघांची पानं बारीक आणि रंग मात्र अगदी उलटे.

जांभळ्याने मला बरंच शिकवलं. आपल्या काळ्या मातीवर, सावलीत तो दिसतच नाही, नुसती काळोखी वाटते. लिंबू रंगाचा पाठीशी दिला तेव्हा कुठे तो उठून आला. संध्याकाळी दिवेलागणीला तर जांभळा पार गडप होतो आणि लिंबू रंगाचा उशिरापर्यंत दिसत राहतो. तुम्ही अंगणात संध्याकाळीच बसणार असाल तर फिक्या रंगाचे जास्त घ्या.

काळी माती तशीच वापरू नका. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि ऑगस्टमध्ये माझी दोन रोपं मुळं कुजून गेली. मग वाफा वीतभर उंच केला आणि काळी माती, कुजलेलं शेणखत, जाड वाळू सारख्या मापाने घातली. त्यानंतर मूळकूज नाही. शेतातला युरिया घरात होताच, तोही चिमूट-चिमूट टाकून पाहिला. पानं तळव्याएवढी झाली आणि रंग मात्र विटला, लालाचा हिरवा काठ आतपर्यंत पसरला. तो कधीच देऊ नका.

शेंडा खुडणं हे या झाडाचं अर्धं काम. चार-पाच पानं झाली की वरचा शेंडा काढायचा, बाजूने फुटवे येतात. ऑक्टोबरमध्ये निळसर तुरे आले. शेजारच्या मावशी आधी म्हणाल्या होत्या, "हाई काय झाड से व? फूल ते एकबी नहीं!" आणि मी आलेले तुरेही खुडते म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. मग तुळशीच्या मंजिऱ्या आपण का खुडतो ते त्यांना आठवलं. दोन्ही एकाच कुळातली झाडं, खोड चाचपून पाहा, दोन्हींचं चौकोनी लागतं. तुरा राहू दिला की झाड बी धरायच्या मागे लागतं आणि पानं बारीक होतात.

त्याच सुमारास पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढला आणि लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, थोडा साबण घालून आठ-आठ दिवसांनी तीनदा सायंकाळी फवारलं. गेला. डिसेंबर-जानेवारीत थंडी मात्र बाधली. पारा दहाच्या खाली उतरला त्या रात्रींनंतर लिंबू रंगाच्या पानांचे काठ काळे पडले. रात्री गोणपाट टाकायला लागले, तेव्हा उरलेली बचावली.

आता उन्हाचं. हे झाड मूळचं आग्नेय आशियातलं, दमट हवेचं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, वर कोरडी झळ. पश्चिमेच्या भिंतीशी ठेवलेल्या नऊ कुंड्यांपैकी दोन उरल्या, त्यासुद्धा दोन्ही जांभळ्या. फिके रंग आधी करपतात, गडद थोडं जास्त सोसतात. परसातल्या केळीच्या बेटाखाली लावलेली रोपं मात्र एकही गेली नाहीत. केळीचं पान ऊन गाळून देतं, खाली ओल राहते, झळही अडते. तिथे सकाळी दोन तास कोवळं ऊन येतं आणि तेवढ्यावर लालाचा रंग असा चढलाय की पावसाळ्यातही तसा नव्हता. अगदी गडद सावलीत ठेवलेलं त्याच झाडाचं भावंड हिरवट पडलंय. केळी नसेल तर पूर्वेची बाजू निवडा आणि वर शेडनेट बांधा.

दुपारी पानं मान टाकतात. पहिल्यांदा घाबरून मी पुन्हा पुन्हा पाणी घातलं, तेही चुकलं. बोटाने माती चाचपायची. ओली असेल तर संध्याकाळपर्यंत थांबायचं, झाड आपोआप सावरतं. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं आहे, पानांवर पडलं की पांढरे डाग राहतात, म्हणून पाणी सकाळी आणि बुडाशीच.

बियांचं पाकीटही आणलं होतं. बी रव्याहून बारीक, त्याला उजेड लागतो, म्हणून मातीने झाकायचं नाही. उगवलं छान, पण मिश्र पाकिटातली दोन रोपं सारखी निघाली नाहीत. रंगांची जोडी ठरवून लावायची असेल तर फांदीच घ्या. मार्चअखेर सगळी झाडं तिसऱ्या हिश्श्यावर छाटली आणि फांद्या पेल्यातल्या पाण्यात ठेवल्या, दहा-बारा दिवसांत पांढरी मुळं आली. मेमध्ये तेच पाणी तापून देठ सडू लागले. तेव्हा पेले माठाच्या तिवईवर माठाला टेकवून ठेवले आणि पाणी एक दिवसाआड बदललं. तिथे सात फांद्यांना मुळं फुटली आहेत. मृगाचा पाऊस पडला की त्यातल्या दोन फांद्या मावशींच्या अंगणात जातील, एक जांभळी आणि एक लिंबू रंगाची, जोडीनेच.