सेक्रेड स्पेस: आगमनकाळातील रोजच्या मननासाठी एक संकेतस्थळ

आगमनकाळ, म्हणजे नाताळपूर्वीचे सुमारे चार आठवडे, सुरू झाला की मननाच्या साहित्याचा नुसता पूर येतो. धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहाटेच एखादे लांबलचक प्रवचन येते, त्यामागोमाग पेटत्या मेणबत्तीचे चित्र येते आणि दुपारपर्यंत तीच दोन्ही आणखी चार गटांतून पुन्हा येऊन पोहोचतात. त्यात आक्षेपार्ह काही नसते; मात्र बहुतेक मजकूर वाचणाऱ्याच्या वाट्याचे सगळे चिंतन आधीच उरकून ठेवतो आणि वाचकाकडे हात जोडलेल्या चिन्हाखेरीज देण्यासारखे काही उरत नाही. आयर्लंडमधील जेज्वीट (येशूसंघ या कॅथलिक संघाच्या) धर्मगुरूंनी 1999 साली सुरू केलेले ‘सेक्रेड स्पेस’ हे संकेतस्थळ नेमके याच्या उलट वागते. ते फार थोडे बोलते, आणि आगमनकाळासाठी मला तोच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

येथे रोजची प्रार्थना सहा टप्प्यांत मांडलेली आहे. देवाच्या सान्निध्याची जाणीव, अंतःकरणाच्या स्वातंत्र्याची मागणी, आपण आज कोणत्या मनःस्थितीत आहोत याचे प्रामाणिक निरीक्षण, त्या दिवसाचा शास्त्रपाठ, प्रभूशी मित्रासारखा संवाद आणि शेवटी समारोप, असा हा क्रम वर्षभर बदलत नाही. एका टप्प्यातील दोन-चार वाक्ये वाचून झाल्यावर पुढे जायचे की तेथेच थांबायचे, हे आपण ठरवायचे असते. सारे मिळून दहा मिनिटे पुरतात, पण घाई करणाऱ्याला ते दोन मिनिटांतही आटोपता येते. संकेतस्थळ तुम्हाला अडवत नाही, तसेच मागील चुकलेल्या दिवसांचा हिशेबही मागत नाही.

या रचनेमागे जेज्वीटांचे संस्थापक, लोयोलाच्या संत इग्नेशियसांची आध्यात्मिक साधना आहे. तिसऱ्या टप्प्यात त्यांच्या दैनंदिन आत्मपरीक्षणाची आणि पाचव्यात त्यांच्या संवादरूपी प्रार्थनेची छाया स्पष्ट दिसते. ख्रिस्तजन्मावर मनन करताना इग्नेशियस साधकाला नाझरेथ ते बेथलेहेम हा रस्ता डोळ्यांसमोर आणायला सांगतात: तो किती लांब आहे, किती रुंद आहे, सपाट आहे की दऱ्यांतून जातो. मग ख्रिस्तजन्माच्या गुहेत स्वतःला एक गरीब सेवक मानून मरिया, योसेफ आणि बाळाकडे पाहायला आणि त्यांना काय हवे-नको ते बघायला सांगतात. ही पद्धत ज्याला ठाऊक आहे, त्याला संकेतस्थळावरचे त्रोटक प्रश्न अपुरे वाटत नाहीत. आगमनकाळाच्या दुसऱ्या सोमवारच्या उताऱ्यातला पक्षाघाती माणूस घ्या: त्याला छपरातून येशूपुढे खाली सोडले जाते, तेव्हा आपण खाटेवर आहोत, दोर धरणाऱ्यांत आहोत की डोक्यावर कौले पडताहेत म्हणून कुरकुरणाऱ्या गर्दीत आहोत, हे आपल्यालाच शोधावे लागते. ज्यांना ही सवय नाही त्यांना पहिले काही दिवस कोरडे जाण्याचा संभव आहे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. संकेतस्थळ बहुतेक दिवशी एकच उतारा देते आणि तो बहुधा शुभवर्तमानातील, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रातील, असतो. वर्षातील इतर काळात हे चालून जाते, परंतु आगमनकाळातील मिस्सेची (चर्चमधील मुख्य उपासनेची) वाचने जोडीने निवडलेली आहेत आणि त्या जोडीतच त्या काळाचा अर्थ दडलेला आहे. पहिल्या आठवड्याच्या शुक्रवारी जुन्या करारातील संदेष्टा यशया याच्या 29व्या अध्यायात आंधळ्यांचे डोळे पाहू लागतील असे वचन ऐकू येते, आणि त्याच दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन आंधळे येशूच्या मागे ओरडत येतात. बुधवारी यशया पर्वतावरील मेजवानीचे वर्णन करतो, तर शुभवर्तमानात डोंगरावर जमलेला जमाव भाकरींनी तृप्त होतो. पहिले वाचन वगळले की दुसरे केवळ एक चमत्कारकथा होऊन बसते; शतकानुशतके वाट पाहणाऱ्या लोकांची हाक ऐकूच येत नाही. यावर उपाय सोपा आहे: बायबल शेजारी ठेवावे आणि चौथ्या टप्प्यावर पोहोचण्यापूर्वी यशया वाचून घ्यावा. पण संकेतस्थळानेच तो द्यायला हवा होता.

17 डिसेंबरपासून ही उणीव कमी जाणवते, कारण तेथून शुभवर्तमाने स्वतःच एक अखंड कथा सांगू लागतात. मत्तयाची वंशावळ, योसेफाचे स्वप्न, योहानाचा पिता जखऱ्या याची वाचा बंद होणे, मरियेला देवदूताचा निरोप, एलिझाबेथची भेट, मरियेचे स्तोत्र, योहानाचा जन्म आणि 24 तारखेला जखऱ्याचे मोकळ्या कंठाने गायिलेले स्तोत्र. वसईसारख्या भागात नेमके हेच दिवस घराची रंगरंगोटी, ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातील गोठ्याची तयारी आणि कॅरलच्या तालमी यांत जातात, आणि मननाला वेळ सापडत नाही तो याच आठवड्यात. सगळे दिवस पाळणे शक्य नसेल, तर निदान हे आठ तरी सोडू नयेत.

मला हे संकेतस्थळ इंग्रजीतून वापरावे लागले. इंग्रजी साधे आहे, तरीही घरातील वडीलधाऱ्यांना ते सुचवता आले नाही, याचे वाईट वाटते. खरे तर जेज्वीटांना मराठी परकी नाही. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात रायतूरला छापले गेले, आणि ‘निरोप्या’ हे मराठी ख्रिस्ती मासिकही 1903 साली एका जेज्वीट धर्मगुरूनेच सुरू केले.

संकेतस्थळ विनामूल्य आहे. ऐच्छिक देणगी घेतली जाते. ज्यांना मोबाईलपासून दूर राहून प्रार्थना करायची आहे, त्यांच्यासाठी शिकागोचे लोयोला प्रेस याच मजकुरावर आधारित आगमनकाळ आणि ख्रिस्तजयंतीचे छोटे पुस्तक दरवर्षी काढते. त्यात सहा टप्प्यांचा मजकूर आठवड्याच्या सुरुवातीला एकदाच येतो आणि रोज फक्त उतारा व एक-दोन मुद्दे असतात. पानाच्या दृष्टीने हे आटोपशीर असले तरी संकेतस्थळावरचा थांबत थांबत पुढे जाण्याचा अनुभव त्यात उरत नाही. दर वर्षी नवे पुस्तक घेण्याची गरजही नाही. आगमनकाळात सोमवार ते शनिवारची वाचने दर वर्षी तीच असतात, रविवारची तेवढी तीन वर्षांच्या चक्राने बदलतात. 2025 च्या आगमनकाळापासून या चक्रातील पहिले, म्हणजे ‘अ’ वर्ष सुरू झाले, तेव्हा 2022 ची प्रत कोणाच्या कपाटात असेल तर तिचे रविवारही जुळतात. मात्र 17 डिसेंबरपासून, रविवार सोडून, वार न पाहता तारखेप्रमाणे पान उघडावे.