रिपोर्ट त्यांचा, पैसे माझे

आधी लाजेची गोष्ट सांगून टाकतो. मी भोसरीत एकवीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनमध्ये आहे. सप्लायरने स्वतःच्या माणसाकडून करून आणलेला रिपोर्ट मी उघडूनही बघत नाही. आणि मीच २१,७५,००० रुपयांची जुनी गाडी डीलरने सुचवलेल्या माणसाच्या रिपोर्टवर घेतली.

गाडी २०१६ची, लाल ऑडी टीटी. पन्नाशीच्या आत एकदा तरी दोन दारांची गाडी दारात लावायची, एवढंच होतं. (बायको म्हणते, एवढंच नव्हतं.) मीटर मागे फिरवतात, ठोकलेल्या गाड्या रंगवून विकतात, हे मलाही माहीत होतं. म्हणून तर तपासणीचा हट्ट मीच धरला. डीलर म्हणाला, "करा की साहेब! बाहेरचा माणूस आहे, आमचा काही संबंध नाही, नंबर देतो." ४,५०० रुपये त्या माणसाला मी स्वतः दिले. तो स्कॅनर, रंगाची जाडी मोजायचं मीटर, टॉर्च सगळं घेऊन आला. दीड तास गाडीभोवती फिरला.

मग चहा आला. डीलरकडच्या पोऱ्याने आम्हा नवरा-बायकोला विचारलं, "साखरेचा की बिनसाखरेचा?" त्या माणसाला विचारलं नाही. सरळ एक ग्लास त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "काका, तुमचा बिनसाखरेचा." बाहेरचा माणूस म्हणे! मी हे डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं आणि चहात बिस्किट बुडवत बसलो. रात्री जाग आली की अजून तो ग्लास दिसतो.

बायको गाडीत बसल्याबसल्या म्हणाली होती, "एवढा सेंट कशाला मारलाय?" मी म्हटलं, शोरूमचा वास आहे. विम्याची पॉलिसी सप्टेंबर २०२४ची आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, शून्य. विचारलं, तर "मालक रिन्यू करायला विसरले, नव्वद दिवस उलटले." नव्वद दिवसांनी बोनस जातो हे खरंच आहे, म्हणून पटलं. चांगली थाप अशीच असते, अर्धी खरी. स्कॅनरवर एकही एरर नाही म्हणून तर मी खूशच झालो. आदल्या दिवशी एररचे कोड पुसून टाकले की स्क्रीन कोरीच दिसणार. कोड उडवल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या काही काळ अपूर्ण दिसतात. तेवढं त्याच स्कॅनरवर बघायला सांगा, लगेच कळतं.

डिसेंबरात गाडी घेतली. जानेवारीत एअरबॅगचा दिवा लागला, मग खिडक्या आपोआप खाली जायला लागल्या आणि एका रात्री चांदणी चौकात गाडी बंदच पडली. टोइंग ६,५००. वर्कशॉपमधल्या पोराने काही न बोलता ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. वरचा सगळा पट्टा काळा स्वच्छ, शेवटची वीतभर पट्टी मातकट, बोटाला भुकटी लागत होती. गालिच्याखाली गाळ. खर्चाचा अंदाज ७,८६,४०० रुपये.

आरसीवरच्या पत्त्यावर गेलो. सिंहगड रस्ता. वॉचमन म्हणाला, "ती लाल गाडी ना? जुलैच्या पुरात सीटच्या वर पाणी होतं की." २५ जुलै २०२४. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि त्या भागातल्या सोसायट्या बुडाल्या, हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. तरी सिंहगड रस्त्याचा पत्ता वाचून माझ्या डोक्यात काही वाजलं नाही.

पोलीस चौकीत तीन खेपा. पहिल्यांदा "साहेब बंदोबस्तात." दुसऱ्यांदा, "१९३०ला फोन करा." अहो, तो ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, मी समोर बसून, सही करून फसलोय! तिसऱ्यांदा अर्ज वाचला आणि, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मी कलम ४२० म्हटल्यावर तिथले एक जण हसले, "आता ३१८ झालं ते." चूक दुरुस्त करायला वेळ होता, तक्रार घ्यायला नव्हता. पोच मागितली तर शिक्का सापडेना. एका सरकारी खिडकीवर उत्तर मिळालं, "कागद क्लिअर आहेत, मग तक्रार कसली?" कागद बुडाले नव्हते हो, गाडी बुडाली होती!

वकिलांनी विक्रीचा करार वाचून कपाळावर हात मारला. 'आहे त्या स्थितीत' या शब्दांखाली माझी सही. रिपोर्टच्या तळाशीही बारीक अक्षरात लिहिलेलं की पाण्याचं नुकसान तपासलेलं नाही. ते मी वाचलं नव्हतं. कारखान्यात ड्रॉइंगची तळटीप मी भिंगाने वाचतो.

तपासणारा माणूस स्वतः शोधा, आणि गाडी त्यांच्या यार्डात नाही, तुमच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवा. नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा. गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेटला हात लावा, इंजिन थंड असायला हवं. माझी गाडी आधीच गरम करून ठेवली होती. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेत का बघा. टोकन देऊ नका, माझे ५१,००० त्यातच अडकले आणि मग मागे फिरवेना. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, ५० लाखांपर्यंतचं जिल्हा आयोगाकडेच. माझ्या अर्जाचं शुल्क १,००० रुपये लागलं. दोन तारखा झाल्या, दोन्हींना समोरची बाजू आलीच नाही.

गाडी पार्किंगमध्ये कव्हरखाली आहे. १२ लाखांच्या कर्जाचा हप्ता दर पाच तारखेला जातो, २६,३९१ रुपये.