पत्ता धरायचा की इंटरफेस? पीपीपी जोडणीवरच्या फायरवॉलचे दोन रस्ते

लिनक्सवर मोडेमने डायल करून, डोंगलने किंवा फायबरच्या पीपीपीओईने, म्हणजे पीपीपी या दोन टोकं जोडणाऱ्या प्रोटोकॉलवरून, नेट घेत असाल, तर लाइन तुटून पुन्हा लागली की बहुधा आयपी पत्ता नवा मिळतो. मग फायरवॉलचे नियम (कोणतं पॅकेट आत सोडायचं, कोणतं अडवायचं) कशाच्या नावाने लिहायचे? एक तर दर वेळी नवा पत्ता घालून, नाहीतर पत्त्याचा नाद सोडून पीपीपी० या इंटरफेसच्या, म्हणजे त्या जोडणीच्या दाराच्या, नावाने एकदाच.

पत्त्याचा रस्ता ऐकायला सरळ आहे. लाइन लागली की ही जोडणी सांभाळणारा प्रोग्राम, पीपीपीडी, 'आयपी-अप' स्क्रिप्ट चालवतो. तिला पहिलं आर्ग्युमेंट इंटरफेसचं नाव मिळतं, चौथं आपला पत्ता. तो उचलून नियमांत घालायचा. पण पीपीपीडी ही स्क्रिप्ट संपायची वाट पाहत नाही, त्यामुळे लाइन चालू आणि नियम यायचेत, अशी फट राहते. शिवाय स्क्रिप्टचं आउटपुट, एररसकट, डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, जातं. माझ्या स्क्रिप्टमध्ये टायपो होता आणि मला पत्ताच नाही! बाहेरून एसएसएच (दूरून लॉगिन) लागेना म्हणून आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलची यादी काउंटरसकट काढली, तर २०३.०.११३.२५ या जुन्या पत्त्याचा नियम ऐटीत बसलेला, समोर पॅकेटं शून्य. हाच रस्ता घ्यायचा असेल तर निदान कमांडचा पूर्ण पाथ लिहा आणि 'लॉगर' कमांडने सिसलॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, नोंद ठेवा.

मी आता इंटरफेसच धरतो. पीपीपी०वरून येणारं सगळं ड्रॉप, फक्त आपण सुरू केलेल्या कनेक्शनची उत्तरं आत. इंटरफेस अजून जन्मालाही आलेला नसताना हे नियम बूटच्या वेळी लोड होतात, म्हणजे ती फट उरत नाही. २.२ कर्नलच्या आयपीचेन्स या जुन्या फायरवॉलला कनेक्शनची स्थिती कळत नसे. पत्ते नि पोर्ट खच्चून भरलेल्या जुन्या स्क्रिप्टा त्या काळच्या. २००१च्या २.४ कर्नलसोबत आयपीटेबल्स आलं आणि ती कसरत संपली.

आयपीटेबल्सचा वारसदार असलेल्या एनएफटीमध्ये मात्र एक खाच आहे. 'आयआयएफ' लिहिलं तर ते इंटरफेसचा अंतर्गत क्रमांक धरतं. पीपीपी० नसेल तर नियम लोडच होत नाही, आणि लाइन पुन्हा लागली की क्रमांक बदलतो. 'आयआयएफनेम' लिहा, ते नाव जुळवतं. ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पीएफ फायरवॉलमध्ये इंटरफेसचं नाव गोल कंसात घातलं की पत्ता आपोआप ताजा राहतो.

घरातली बाकी मशीनं त्याच लाइनवर असतील तर एसनॅट नको, मास्करेड. दोन्ही बाहेर जाणाऱ्या पॅकेटांवर आपला पत्ता चिकटवतात, पण एसनॅटला तो लिहून द्यावा लागतो, मास्करेड इंटरफेसचा चालू पत्ता घेतं. इंटरफेस पडला की मास्करेड जुनी कनेक्शनं विसरतं, आणि पत्ता बदलल्यावर ती मेलेलीच असतात.

पत्त्यावाचून अडतं ते एकाच ठिकाणी: घरचा सर्व्हर घरातूनच सार्वजनिक पत्त्याने उघडायचा असेल तेव्हा, कारण ती पॅकेटं पीपीपी०वरून येतच नाहीत. तिथेही आयपीटेबल्सचा 'अ‍ॅड्रटाइप लोकल' (म्हणजे 'या मशीनचाच कुठलाही पत्ता') चालतो. पत्ता लिहावा लागत नाही. मात्र आधी मिळालेला पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर तुम्ही नेट देणाऱ्या कंपनीच्या नॅटमागे आहात, म्हणजे सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत मिळून आहे, आणि बाहेरून आत येण्याचे नियम लिहिण्यात काही हशील नाही.

आणि आयपीटेबल्सचे नियम आयपीव्ही६ला लागत नाहीत. त्यासाठी आयपी६टेबल्समध्ये वेगळे लिहा, किंवा एनएफटीत 'आयनेट' टेबल करा, म्हणजे एकाच यादीत दोन्ही येतात.