बेक्ड प्रेट्झेल: उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत वापरून

नुसतं खायला प्रेट्झेल (मैद्याच्या भाजलेल्या कुरकुरीत, खारट काड्या किंवा गाठी) छानच, पण स्वयंपाकात ते जास्त कामी येतात असं माझं पक्कं मत झालंय. सांभाळायच्या गोष्टी दोन: मीठ आणि सादळणं.

नागपूरच्या मे महिन्यात फोडलेलं पाकीट नुसता चिमटा लावून ठेवलं तरी टिकतं. जुलैत मात्र एका रात्रीत कुरकुरीतपणा जातो, कारण भाजून जवळपास कोरडं केलेलं पीठ आणि वरचं मीठ दोन्ही हवेतलं पाणी ओढतात. सादळलेले प्रेट्झेल ओव्हनमध्ये १३० अंशांवर ७-८ मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर मऊच लागतील. पूर्ण गार झाले की कडक होतात. गरम असताना बरणीत भरले तर वाफेने पुन्हा तेच.

कटलेटला वरून लावायला चुरा रव्याएवढा जाडसर हवा. मिक्सर थांबून थांबून फिरवा, आणि त्याआधी प्रेट्झेल चाळणीत हलवून सुटं मीठ काढून टाका. मैद्याच्या घोळात मीठ अजिबात नको, सारणातही निम्मंच. (पाकिटावर १००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम मीठ.) तळताना आच मध्यम ठेवा. भाजण्याआधी प्रेट्झेलला अल्कलीच्या (सोड्यासारख्या क्षाराच्या) पाण्याचा हात दिलेला असतो, त्यानेच तो तपकिरी रंग येतो. म्हणजे चुरा आधीच लाल असतो; कडकडीत तेलात तो काळा पडतो आणि कटलेट आतून गारच राहतं.

सगळ्यात सुरेख लागतो तो टार्टचा तळ, म्हणजे वर गोड चक्का पसरायचा तो भाजलेला कुरकुरीत थर. २०० ग्रॅम चुरा, १०० ग्रॅम वितळलेलं बिनमिठाचं लोणी, २ मोठे चमचे पिठीसाखर. ८ इंची साच्यात वाटीच्या बुडाने घट्ट दाबून १७० अंशांवर १० मिनिटं भाजा. चुरा अगदी पीठ झाला तर तळ दगडासारखा होतो, फार भरड राहिला तर कापताना ढासळतो. गार झाल्यावर वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात फिरवा, नाहीतर वरच्या चक्क्याचं पाणी तासाभरात खाली उतरतं. चक्क्यात संत्र्याच्या सालीचा फक्त केशरी भाग किसून घाला. पांढरा आला की कडू.

चिवड्यात घालायचे तर चिवडा पूर्ण निवल्यावरच. तर्री पोह्यावर शेवेऐवजी काड्यांचे तुकडे चालतात, शेवेपेक्षा उशिरा भिजतात, पण ताट पुढ्यात आल्यावरच टाका. चीज किंवा मसाल्याची चव दिलेले प्रकार टार्टला घेऊ नका, त्यातला कांदा-लसूण गोडात लपत नाही.