टॉवेलवर मार्का आपला, सरकारदरबारी मालक एजंटचा भाऊ

‘पंधरा दिवसांत ट्रेडमार्क (मार्क्याची सरकारी नोंदणी) हातात’ असं सांगत एजंट कारखान्यात येतो, तेव्हाच सावध व्हा. अर्ज तपासला गेल्यावर तो जर्नलमध्ये, म्हणजे ट्रेडमार्क कार्यालयाच्या पत्रिकेत छापतात, मग कोणाची हरकत येते का यासाठी ४ महिने थांबावंच लागतं. पंधरा दिवसांत मिळते ती फक्त अर्जाची पावती.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराला अशीच पावती दाखवून ‘झालं रजिस्टर, आता लेबलवर गोलातला आर (®, नोंदणी झाल्याची खूण) छापा’ असं सांगितलं गेलं. नोंदणीआधी आर छापला तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०७ खाली दंड होतो. तोवर टीएम (™) छापायचं असतं. पण खरा घोळ पुढेच होता. पावतीवर मार्क्याचं नाव बरोबर होतं, अर्जदाराच्या जागी मात्र एजंटचा भाऊ! ई-मेलही एजंटचाच, म्हणून कार्यालयाचं एकही पत्र कारखान्यापर्यंत आलं नाही. हरकतीची मुदत टळली, प्रमाणपत्र भावाच्या नावे निघालं आणि मग ‘नावावर करून देतो, दोन लाख द्या’ असा निरोप आला.

असे पैसे देऊ नका. भावाच्या अर्जात वापराच्या रकान्यात ‘पुढे वापरणार’ असं होतं आणि कारखानदाराची त्याच मार्क्याची बिलं त्याच्या कितीतरी आधीची. कलम ३४ आधीपासून वापरणाऱ्याला संरक्षण देतं, कलम ५७ खाली नोंद रद्द करून मागता येते. म्हणून मार्क्याचं नाव छापलेली जुनी बिलं, लेबल छपाईच्या पावत्या, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या रद्दीत घालू नका. नुसतं ‘टॉवेल, ५० डझन’ लिहिलेलं बिल इथे फारसं उपयोगी पडत नाही.

अर्ज करताना टीएम-ए (नोंदणीच्या अर्जाचा) फॉर्म भरून झाल्यावर, सही करण्याआधी स्वतः वाचा. मालकाचं नाव, मोबाइल आणि ई-मेल आपलाच हवा. क्लास म्हणजे मालाचा वर्गही बघा: टॉवेल-चादरी क्लास २४ मध्ये, युनिफॉर्म २५ मध्ये. चुकीच्या क्लासची फी परत मिळत नाही. मार्का आधीपासून चालू असेल तर पहिल्या वापराची तारीख घाला, सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडा. एकट्या मालकाला किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेल्या लघुउद्योगाला ऑनलाइन सरकारी फी एका क्लासला ४५०० रुपये आहे. त्यापुढची रक्कम एजंटची, तिचं वेगळं बिल मागा.

सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आहे, म्हणून आपल्या मार्क्याला वेगळी नोंदणी नको, असंही काही जण सांगतात. जीआय गावाच्या मालाला असतो, तुमच्या नावाला नाही.

पावती मिळाली की आयपी इंडियाच्या (ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी) साइटवर अर्ज क्रमांक टाकून मालकाचं नाव त्याच दिवशी बघा. परक्याचं निघालं तर जर्नलची तारीख टिपून ठेवा. त्या ४ महिन्यांत टीएम-ओ फॉर्मवर हरकत घेता येते, ऑनलाइन फी २७०० रुपये, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही.