पुण्यातलं हार्मोन क्लिनिक : गोळी लिहिण्याआधी विचारणाऱ्या डॉक्टर

मी ट्रान्स स्त्री आहे, वय 31, नाशिकला एका सीएच्या ऑफिसात नोकरी. पुण्यातल्या या एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टर मॅडमकडे मी मुद्दाम एसटीने जाते, कारण त्यांनी प्रिस्क्रिप्शनला हात लावण्याआधी सरळ विचारलं, "ही औषधं सुरू झाली की एक ते तीन महिन्यांत लैंगिक इच्छा कमी होते, सकाळचा ताठरपणा जातो, वीर्य घटतं. यातलं काय गेलेलं चालेल आणि काय राहायला हवंय?" माझा जोडीदार शेजारीच बसला होता. आधीच्या एका दवाखान्यात हा विषय निघालाच नव्हता. तिथे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, खाली आणायचं, एवढंच. आमच्यातल्या काही जणींना ताठरपणाची क्षमता नकोच असते, काहींना हवी असते. हे विचारल्याशिवाय डोस ठरवायचा कसा?

थोडी राहू दे, असं मी सांगितलं. मग एस्ट्रॅडिओल, म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्री हार्मोन, आणि त्यासोबत टेस्टोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन मध्यम डोसात सुरू झालं. त्याऐवजी सायप्रोटेरोन हे दुसरं औषध का नाही, तेही त्यांनी समजावलं. ते टेस्टोस्टेरॉन जोरात दाबतं, मन उदास करू शकतं, आणि मोठ्या डोसात वर्षानुवर्षं घेतलं तर मेंदूच्या आवरणात मेनिन्जिओमा नावाची गाठ होण्याचा धोका वाढतो. माझी इच्छा कमी झाली, पण संपली नाही. तिची जातच बदलली; आता ती हळू येते आणि जवळ घेतल्यावर येते. ताठरपणा अगदीच गेला तर त्यावरच्या टाडालाफिल गोळीचा विचार करता येईल, हेही मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय. शुक्राणू गोठवायचे असतील तर गोळी सुरू करण्याआधीच, कारण औषध थांबवल्यावर ते परत येतीलच याची खात्री नाही. आणि तरीही या गोळ्यांना गर्भनिरोधक समजायचं नाही. हे वाक्य त्यांनी जोडीदाराकडे बघून म्हटलं, ते मला फार आवडलं.

केसांचं तर मी आधीपासूनच मनाला लावून घेतलं होतं. कपाळ मागे सरकत चाललं होतं आणि नाशिकमध्ये मला फिनास्टेराइड हे केसगळतीचं औषध 1 मिलिग्रॅम दिलेलं होतं. मॅडमनी वहीत आकृती काढली. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन बनतं, टाळूची मुळं मारतं ते हे डीएचटी. फिनास्टेराइड फक्त ते बनणं अडवतं, रक्तातलं डीएचटी साधारण दोन तृतीयांशाने उतरवतं. टेस्टोस्टेरॉन तसंच राहतं. म्हणून शरीर स्त्रीसारखं होण्यासाठी ते एकटं पुरत नाही. आणि टेस्टोस्टेरॉन पुरेसं खाली आलं की त्याचा वेगळा फायदाही फारसा उरत नाही. माझी गळती थांबली, कडेचे बारीक केस जाड झाले. गुळगुळीत झालेली जागा मात्र तशीच आहे, आणि तशीच राहील हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हातापायांचे केस विरळ झाले. दाढी गोळीने जात नाही, त्याला लेझर वगैरे लागतं.

त्रास सांगायचा तर स्पायरोनोलॅक्टोनने लघवी खूप होते. नाशिक-पुणे प्रवासात नारायणगावचा थांबा येईपर्यंत जीव जातो, म्हणून त्या दिवशी गोळी पुण्यात पोचल्यावर घेते. पोटॅशियम वाढू शकतं, त्यामुळे रक्त वेळच्या वेळी तपासायचं आणि शहाळ्याचा सपाटा आवरायचा.

क्लिनिकबद्दल एकच तक्रार. रिसेप्शनवर आधारवरच्या जुन्या नावाने मोठ्याने हाक मारली होती, भरलेल्या खोलीत. मॅडमना सांगितल्यावर आता टोकन नंबर पुकारतात. फी हजार रुपये, थांबायला दीड-दोन तास धरून जा.

मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या मूठमूठ घेणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, त्यातल्या इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. तेवढ्यासाठी तरी एकदा इथे या. जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जमलं तर जोडीदाराला सोबत न्या.